पीनट बटर-जेली सँडविच ना कार्व्हर यांचं, ना सैनिकांचं

सध्या फिरणारा मजकूर असा: 'जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटर शोधलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी ते जेलीसोबत ब्रेडला लावलं, पहिल्यापासून हा गरिबांच्या मुलांचा डबा.' तिन्ही विधानं चुकीची आहेत.

आधी कार्व्हर, म्हणजे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ. भाजलेले शेंगदाणे तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून केलेल्या लगद्याचं अमेरिकन पेटंट कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांना 1884 मध्ये मिळालं. अमेरिकन डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांचा पेटंटचा अर्ज 1895 चा. ते दाणे भाजत नसत, उकडत. कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत आले 1896 मध्ये आणि शेंगदाण्याच्या 105 पाककृतींची त्यांची पुस्तिका निघाली 1916 मध्ये. त्यांचं खरं काम शेतातलं आहे. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घ्या, त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं, हे त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शिकवलं. दुसऱ्याचा शोध त्यांना चिकटवला की हे काम झाकलं जातं. म्हणून ही चूक सर्वांत जास्त खटकते.

सैनिकांचं म्हणाल, तर ज्युलिया डेव्हिस चँडलर यांची कृती बोस्टनच्या एका पाकशास्त्राच्या मासिकात 1901 मध्येच छापून आली होती: ब्रेडचे तीन अगदी पातळ थर, एका फटीत शेंगदाण्याचा लगदा, दुसरीत करंट नावाच्या छोट्या आंबट फळांची किंवा क्रॅब ॲपलची, म्हणजे लहान आंबट सफरचंदांची जेली (फळांच्या रसाचा जॅम). अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली डिसेंबर 1941 मध्ये.

गरिबांचा डबा? सुरुवातीला पीनट बटर श्रीमंतांच्या टी-रूममध्ये मिळायचं. ते मुलांच्या डब्यात यायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. 1928 मध्ये मिसुरीतल्या चिलिकोथी इथे यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला. मुलांच्या हातात सुरी द्यायची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट तेलाची. ती घरच्या मिक्सरमध्ये दिसते. दोन वाट्या भाजून सोललेले दाणे फिरवा: आधी कूट होतं, मग गोळा, आणि थांबून थांबून, कडा खरवडत आणखी फिरवलं की तेल सुटून तो सैल होतो. गोळा झाला की अनेकजण घाबरून पाणी घालतात. मग ते घट्ट, चिकट होतं आणि लवकर खराबही होतं. नीट झालेलं बटर बरणीत ठेवलं तरी काही दिवसांत तेल वर येतं, तळाशी खडा बसतो, आणि पुढे वरच्या तेलाला खवट वास लागतो. दुकानदारांचीही हीच अडचण होती. 1920 च्या दशकात जोसेफ रोझफिल्ड यांनी थोडं तेल हायड्रोजनेशनने, म्हणजे हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून घट्ट केलं आणि ते वेगळं होणं थांबवलं, आणि बरणी महिनोन्‌महिने टिकू लागली.

डब्यासाठी करताना दोन्ही स्लाइसना आतून पीनट बटर लावा, जेली मधे ठेवा. एकाच बाजूला लावलं तर दुसरा स्लाइस जेलीचं पाणी शोषतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत ओला होऊन फाटतो.