उजव्या कानाला लाल

लाखाच्या घरातली वस्तू आणली की ती दारात उभी करायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गल्लीत पेढे वाटायचे, असा आमच्या बेळगावच्या शहापुरातला रिवाज. भाच्यानं बेंगळुरूहून आणलेली लाखाची वस्तू शर्टाच्या खिशातून निघाली. त्यातही एक नव्हे, तीन डब्या. प्रत्येकीत अंगठ्याच्या पेराहून लहान अशी दोन बोंडं आणि एक वायर, म्हणजे कानात घालून गाणं ऐकायचे ईअरफोन. तिन्हींची मिळून किंमत ऐकली आणि हातातली डबी मी खाली ठेवली, दोन्ही हातांनी.

"मामा, यातलं एकच ठेवायचंय. दोन विकून टाकणार. तुम्ही ऐकून सांगा कुठलं ठेवू. तुम्हाला गाण्यातलं कळतंय की."

मला गाण्यातलं कळतं ही समजूत गावात कशी पसरली ते सांगतो. मैफलीला मी पहिल्या रांगेत बसतो, कारण पंखा तिथं असतो. डोळे मिटून बसतो, त्याचं कारण सांगत नाही. शिवाय सुळेभावी आमच्याच तालुक्यात. 1924 साली कुमार गंधर्व तिथं जन्मले, तेव्हापासून या टापूतल्या प्रत्येकाला सूर उपजतच कळतो असं आम्ही बाहेरच्यांना सांगत आलोय. पलीकडं धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल. अशात मी "मला काही कळत नाही" म्हणालो असतो तर घराण्याची नाही, अख्ख्या भागाची अब्रू गेली असती. म्हणून गंभीर चेहरा करून "बघू" म्हणालो.

ऐकण्याआधी अभ्यास. भाच्यानं तिघांची ओळख करून दिली. चांदीच्या रंगाच्या जोडीत एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे मोठ्या स्पीकरमध्ये असतो तसाच पडदा, फक्त सात मिलिमीटरचा. काळ्या जोडीत प्रत्येक कानाला चार चार बॅलन्स्ड आर्मेचर. त्यात पडदा हलवायला कॉइल नाचत नाही, चुंबकांच्या मधोमध धरलेली एक बारीक लोखंडी पट्टी थरथरते. तिसरी पारदर्शक, तिच्यात दोन्ही जातीचे ड्रायव्हर एकत्र नांदतात.

"हे आर्मेचर मुळात कानाच्या मशीनसाठी आलं, मामा. मग तिथल्याच लोकांनी 1991 ला गाणं ऐकायचं ईअरफोन काढलं, एटिमोटिक ईआर-4. त्यानंतर 1995 ला जेरी हार्वी म्हणून साउंड इंजिनियर होता, त्यानं व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ड्रमरसाठी स्टेजवर घालायचं करून दिलं."

इथं कोपऱ्यातून आमची आत्ती बोलली. आत्ती ऐंशी पार केलेली आहे आणि दोन्ही कानांना मशीन लावते. घरातलं सगळं ऐकू येतं, पण कधी येतं हे ती ठरवते.

"ड्रम वाजवून कान गेले असणार बिचाऱ्याचे," ती म्हणाली. "आणि मशीनमधलंच सामान आहे तर मग एवढे पैसे कशाला घातलास रे? माझं जुनं पडलंय की कपाटात."

"आज्जी, ते वेगळं ओ."

"काय वेगळं? कानातच घालतोस न्हवं?"

याला भाच्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं घाईघाईनं काळी जोडी काढून माझ्या कानात बसवली. बसवली म्हणजे, समोर उभं राहून दोन्ही बाजूंनी एकदम आत ढकलली. वायर कानाच्या पाकळीवरून मागं वळवून घेतली, कारण ही खाली लोंबती सोडत नाहीत. शर्टाला घासली की तो घासल्याचा आवाज थेट आत ऐकू येतो. आत्तीनं माझ्या कानावरच्या वायरीकडं बघितलं आणि विचारलं, "जानवं वर घेतलंस, बाथरूमला जायलास काय?"

गाणं सुरू झालं. मी पारखायला बसलो आणि डग्गा गायब. नुसती तबल्याच्या काठावरची चाट. तबलजीचा डावा हात घरी राहिलाय असं वाटावं इतका गायब. तानपुऱ्याची जवारी झणझणीत, पण खर्जाच्या तारेचा पत्ता नाही. मी तसं सांगितलं. भाच्यानं मान डोलावली, "ब्राइट आहे म्हणायलेत सगळे." मग चांदीची जोडी घातली. त्यातही डग्गा नाही. पारदर्शक घातली. तिच्यात उजवीकडं डग्गा, डावीकडं नाही. भाचा मोबाईलवर नोंदी करायला लागला. त्याच्या लिहिण्यात "वॉर्म", "साउंडस्टेज", "मायक्रोडिटेल" असे शब्द पडत होते आणि मी फक्त "येत नाही" एवढंच बोललो होतो.

आत्ती उठली. माझ्या डाव्या कानाची पाळी धरून तिनं ती वर आणि मागं ओढली, शाळेत मास्तर ओढायचे त्याच दिशेनं, आणि दुसऱ्या हातानं बोंड जरा फिरवून आत बसवलं. डग्गा आला. नुसता आला नाही, गमकासकट आला.

"कान वाकडा असतो आत," ती म्हणाली. "ओढल्याशिवाय सरळ होत नाही. आणि हे उलटं घातलंय. लाल कुठं आहे बघ. उजव्या कानाला लाल."

भाचा समोरून घालत होता, त्यामुळं त्याचं उजवं ते माझं डावं झालं होतं. वायरीच्या टोकाला खरंच लाल ठिपका होता. आत्तीच्या मशीनवरही तोच, त्याच बाजूला. हजारो रुपयांच्या अभ्यासात एवढी गोष्ट कुणी त्याला सांगितली नव्हती.

त्या दिवसापासून परीक्षक मंडळाचं अध्यक्षपद तिच्याकडं गेलं. तिच्या चौकशीतून निघालं ते असं. डब्यांतून आलेली रबरी टोपणं लहान, मधली, मोठी अशी असतात आणि सगळे दोन्ही कानांना मधलीच घालतात. माझ्या उजव्याला मधलं बसतं, डाव्याला लहान. टोपण आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खर्ज त्या वाटेनं निघून जातो, मग आत चार आर्मेचर असोत की चाळीस. स्पंजाची टोपणं मिळतात ती बोटांनी चेपून बारीक करायची, कान ओढून आत घालायची आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. बसतात झकास, पण स्पंज घाम पितो आणि काही महिन्यांत टाकून द्यायला होतो. सगळ्यात स्वस्त तोच भाग, आणि निम्मं गाणं त्याच्या हातात.

मग मळ. आत्तीच्या सांगण्यावरून कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. "किवी तोरसरी," ते म्हणाले. मी कान दाखवला. त्यांनी दिवा लावून बराच वेळ बघितलं, नर्सला बोलावून दाखवलं, आणि पिचकारीनं जे काढलं त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. घरी येऊन तिन्ही जोड्या पुन्हा लावल्या तर तिन्हींचा आवाज बदललेला. भाच्याच्या आधीच्या सगळ्या नोंदी रद्द. त्यानं मला आलेख दाखवले होते, कुठल्या पट्टीत कोण किती चढतं याचे. ते आलेख लोखंडी कानात मोजतात. आयईसी 60318-4 असं त्या कानाचं नाव, लाडानं 711 म्हणतात. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर. ती उघडी असताना तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप फुगवते. बोंड घालून तिचं तोंड बंद केलं की हा फुगवटा जातो, म्हणून तो ईअरफोनलाच भरून द्यावा लागतो. किती भरायचा यावर जगभर भांडणं आहेत. लोखंडी कानाचं बरं आहे, त्याला ना मळ, ना केस, ना डावं-उजवं, ना मागून हाक मारणारं कुणी.

हाकेवरून आठवलं. आवाज बाहेर ठेवण्याची परीक्षा घ्यायला आम्ही वडगावात गेलो. तिथं एका ओळखीच्या घराला लागून यंत्रमागाची शेड आहे. आत नव्वद डेसिबलच्या वर खडखडाट, बाहेर ओट्यावर गप्पा मारायच्या तर खुणांनी. काळी जोडी नीट बसवली आणि खडखडाट लांब गेला. माग चालू आहेत हे ओट्याच्या दगडातून पायाला कळत होतं, कानाला नाही. भाचा खूश. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब त्यानं सांगितला: 80 डेसिबलनं ऐकायचं तर आठवड्याला 40 तास, 90 डेसिबलनं ऐकायचं तर फक्त 4. बाहेरचा गोंगाट अडला की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही, म्हणून कान वाचतात. शेडचा मालक हे ऐकून हसला. "आमचं आठवड्याचं सोमवारी दुपारीच संपतंय की मग," म्हणाला आणि आत गेला, कानात काही न घालता.

अडचण अशी की ही बोंडं बारीक, उंच आवाज जास्त अडवतात. ट्रक गेलेला कळतो, कुकरची शिट्टी कळत नाही. नळाला पाणी आलं ही आमच्या गल्लीत अत्यंत उंच पट्टीत दिली जाणारी बातमी आहे आणि ती बरोबर याच जाळ्यात अडकते. शेजारच्या वहिनी दारात येऊन ओरडून गेल्या. त्यांच्या धाकट्यानं खिडकीतून बघून सांगितलं, "काका देवाचं करायलेत, डोळे मिटून." त्या दिवशी पूर्ण शहापुरात घागरी भरल्या.

आणि बाहेरचं अडलं म्हणून आत शांतता असते असं नाही. स्वतःचाच संसार ऐकू यायला लागतो. चिवड्याचा एक घास खाल्ला तर गाणारा थांबून वाट बघतोय असं वाटतं. जिना उतरताना प्रत्येक पायरी डोक्यात. गोवावेसपर्यंत चालत गेलो तर माझी पावलं विलंबित आणि तबला द्रुत. शेवटी बसूनच ऐकायचं, न खाता, न चालता, न बोलता. म्हणजे मैफलीतल्या पहिल्या रांगेसारखं, फक्त पंखा आपला.

तसं बसून ऐकलं तेव्हा मात्र, खरं सांगतो, अंगावर काटा आला. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेल्या कुमारांनी तान घेण्याआधी आत ओढलेला श्वास चांदीच्या जोडीत स्पष्ट ऐकू आला. पडदा एकच असल्यामुळं तबला अखंड वाटतो, चाट आणि डग्गा एकाच माणसाच्या मांडीवर. काळ्यात शब्द जास्त स्वच्छ, पण लाकडाचा घुमारा जरा कोरडा. पारदर्शकात डग्गा एका घरचा आणि चाट दुसऱ्या घरची, लग्न ठरवून जमवलेलं. माझं मत चांदीच्या बाजूनं पडलं असतं. पण माझ्या डाव्या कानात शेवटपर्यंत बसली ती काळीच. चांदीची जोडी जांभई दिली की सुटते, आणि मैफलीत माझं काय काय होतं ते वर आलंच आहे.

टिकाऊपणाचा निकाल उद्यमबागेत लागला. तिथं माझा एक मित्र फौंड्री चालवतो, शेजारी मशीनशॉपही आहे. त्यानं चांदीचं बोंड भिंगाखाली धरलं, नखानं कडेवर ओरखडा काढल्यासारखं केलं आणि भाच्याचा चेहरा उतरला.

"एका ठोकळ्यातून काढलंय. पाच अक्षांचं मशीन पाहिजे याला. टूलच्या खुणा बघ, किती बारीक." त्यानं आदरानं परत दिलं. "हे काय तुटत नाही. तुटणार ते इथं." त्यानं वायर जिथं बोंडाला खटकन बसते त्या इवल्या जोडावर बोट ठेवलं. भाच्यानं कबूल केलं. तो एमएमसीएक्स जोड गोल फिरतो, फिरून फिरून सैल होतो आणि गाणं मध्येच एका कानातून जातं. दुसऱ्या जोड्यांना 0.78 मिलिमीटरच्या दोन पिना, त्या वाकतात. आणि आमच्या जूनपासूनच्या पावसात, भिंतीला ओल आणि चपलेला बुरशी येते तिथं, तांब्याच्या वायरीवर आतून हिरवट डाग चढायला लागले होते ते वेगळंच. यावर उपाय अर्थातच आत्तीकडं होता. तिच्या मशीनची झाकणाची डबी, आत सिलिका जेलच्या गोळ्या. रात्री त्या डबीत आता चार जोड्या झोपतात. तिची मशीन त्यात सगळ्यात जुनी आणि अजून कुठंही न बिघडलेली.

भाच्यानं शेवटी काय ठेवलं? काहीच नाही आणि सगळंच. माझा निकाल माझ्या डाव्या कानाचा आहे, त्याच्या कानाचा नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग म्हणाला, आता कानाच्या मापाचंच करून घेतो. त्याला साचा लागतो. नळीत आधी दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा सारतात, मग पिचकारीनं मऊ सिलिकोन भरतात आणि घट्ट होईपर्यंत तोंडात ठोकळा धरून आ वासून बसायचं. भाचा तसा बसून आला. दोन गुलाबी साचे घेऊन परत उद्यमबागेत गेलो, मित्राला दाखवायला.

मित्रानं ते उलटसुलट करून बघितले. "पॅटर्न चांगलं आलंय. डावं-उजवं वेगळं काढलं ते बरं केलंस, एकावर भागलं नसतं." मग किंमत विचारली. भाच्यानं सांगितली. लाखाच्या वर.

"एवढ्याशा कास्टिंगला?" मित्रानं साचा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघून भाच्याला म्हणाला, "एवढ्या पैशात मी तुझ्या मामाचं अख्खं डोकं ओतून देतो की रे. फक्त कोअर मोठी घालावी लागणार. आतनं पोकळ यायला पाहिजे न्हवं, हुबेहूब!"