लॅपटॉप विज्ञानाला वाहण्याचा विधी

घरातला कॉम्प्युटर दिवसभर नुसता बसून असतो, तर त्याची ताकद विज्ञानाला द्यावी असा विचार तुमच्या मनात आला असेल, तर अभिनंदन. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १७ मे १९९९ रोजी सेटी ॲट होम हा प्रकल्प सुरू केला आणि जगभरच्या लोकांना, त्यांच्या रिकाम्या कॉम्प्युटरांसकट, परग्रहवासीयांची हाक ऐकायला बसवलं. ३१ मार्च २०२० नंतर त्यांनी नवी कामं वाटणं थांबवलं. हाक काही आली नाही, पण त्या खटाटोपातून घरच्या कॉम्प्युटरला अशा प्रकल्पांची कामं आणून देणारं 'बोइंक' हे सॉफ्टवेअर मागे राहिलं. पल्सार (नेमाने ठोके देणारे तारे) शोधा, प्रथिनांच्या घड्या मोजा, हवामानाची मॉडेलं चालवा, सगळं त्यावर होतं. ते उतरवून घ्या आणि आमचा सल्ला ऐका. गुहागरात बसून देतोय, म्हणजे फुकट आहे आणि न विचारता आहे.

सगळ्यात आधी गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात ते. दुकानात स्टिकरवरचा हा एकच आकडा वाचायचा. ज्याचा मोठा, तो शूर. इतिहास मात्र चाळू नका. इंटेलच्या पेंटियम ४ चा पारा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत चढला होता, आणि २००६ साली त्याच घरातल्या कोअर २ ड्युओने २.४ वर चालून त्याला लोळवलं. एका ठोक्यात काम किती होतं, हेही मोजावं लागतं म्हणे. असल्या बारकाव्यांत शिरलात तर माळ्यावरचं ते जुनं धूड खाली कोण काढणार? काढा. लावा. शंभरावर वॉट खाऊन ते आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही कमी काम करेल, पण आवाज असा करेल की शेजाऱ्यांना वाटावं, इथे काहीतरी मोठं संशोधन चाललंय.

मग थ्रेड, म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो त्या कामांच्या रांगा. गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या सांगतो, "काका, ह्याला सोळा थ्रेड आहेत!" तिथेच थांबा. "कोअर किती रे?" असं विचारून सणासुदीला त्याचा हिरमोड करू नका. कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गाभे, आठच असतात आणि प्रत्येकावर दोन-दोन थ्रेड बसवलेले असतात. एका विहिरीवर दोन रहाट लावले म्हणून झरा दुप्पट होत नाही. सोळा कामं एकदम सुरू होतात, प्रत्येक काम रेंगाळतं, आणि एकूण पदरात पडतं ते आठ कामांपेक्षा थोडं जास्त. मेर्सेन मूळसंख्या (दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या) शोधणाऱ्या जिम्प्स ह्या प्रकल्पाच्या घासूनपुसून लिहिलेल्या प्रोग्रॅमला तर तेवढाही फायदा मिळत नाही. पण स्क्रीनवर सोळा हिरव्या पट्ट्या सरकताना दिसतात, त्याचं काय मोल!

कॅश (प्रोसेसरच्या पोटातली छोटी, चपळ मेमरी) आणि रॅम (बाहेरची मोठी मेमरी) ह्यांचं नावही काढू नका. जिम्प्सचं काम मोठमोठे आकडे सतत मेमरीतून ओढत असतं. लॅपटॉपात रॅमची एकच पट्टी असेल तर कितीही कोअर ताटकळत उभे राहतात. पण ही गोष्ट स्टिकरवर छापत नाहीत, म्हणजे महत्त्वाची नसणार. बोइंक स्वतः व्हेटस्टोन नावाची वेगाची चाचणी घेतं. ती इतकीशी आहे की कॅशमध्येच मावते आणि लगेच आटपते. तिचा आकडा उत्तम येतो. तोच सगळ्यांना सांगत सुटा.

आता आपल्या किनारपट्टीचा खरा विषय: उकाडा. स्टिकरवरचा 'टर्बो' आकडा हा क्षणभराचा पराक्रम असतो. पातळ लॅपटॉपातला पंधरा वॉटचा प्रोसेसर जरा वेळ चार गिगाहर्ट्झवर उसळतो, मग तापतो आणि स्वतःच मान खाली घालतो. ई-मेल उघडायला तेवढी उसळी पुरते. इथे मात्र चोवीस तास जू मानेवर असतं. म्हणून मे महिन्यात दुपारी, पत्र्याच्या पडवीत, गोधडीवर लॅपटॉप ठेवा. खाली हवा जायला नको. पंख्यात लाल धुरळा बसलेला असेल तर हात लावू नका, आणि खाऱ्या वाऱ्याला खिडकी सताड उघडी ठेवा. जेवढं गरम, तेवढं पुण्य जास्त. उगाच कोणी 'निम्मेच कोअर चालव, बोइंकात तशी सोय आहे' म्हणेल. लक्ष देऊ नका, हे लोक लग्नातसुद्धा अर्धीच जिलबी घेतात.

एवढ्यावर भागलं नाही तर ओव्हरक्लॉक करा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर प्रोसेसर पळवा. बरेच प्रकल्प एकच काम दोन मशीनना देऊन उत्तरं जुळवून पाहतात. तुमचं जुळलं नाही तर दोष प्रोसेसर कंपनीला द्या. २०१६ साली जिम्प्सच्या हिशेबात इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरची चूक खरोखर सापडली होती. ती ओव्हरक्लॉक न करताही येत होती, एवढं सांगायचं नाही.

कामाला मुदत असते, हेही कळेलच. पावसाळ्यात वीज गेली, वाऱ्याने माड तारेवर पडला, परत यायला दोन दिवस लागले, तर तेच काम सर्व्हर दुसऱ्या कोणाला देऊन टाकतो. म्हणून आठवडेच्या आठवडे चालणारी हवामानाची मॉडेलं आषाढातच मागवा.

ग्राफिक्स कार्डाच्या वाटेला मात्र जाऊ नका. २०२४ च्या ऑक्टोबरात जिम्प्सने जाहीर केलेली ४,१०,२४,३२० अंकांची मूळसंख्या अशाच कार्डांनी हुडकली, आणि तोवरची अठ्ठावीस वर्षांची साध्या कॉम्प्युटरांची मिरास मोडली. त्यातही खेळायच्या कार्डांना डबल प्रिसिजन (जास्त अचूक आकडेमोड) मागणारं काम दिलं की वेग बत्तिसाव्या नाहीतर चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे कार्ड घेण्यापूर्वी प्रकल्प कोणता ते वाचावं लागतं. वाचायचंच असतं तर आपण स्टिकरवर कशाला थांबलो असतो?

राहिला बिलाचा प्रश्न. शंभर वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. शंभर युनिटांचा पहिला स्वस्त टप्पा ह्यातच बहुतेक संपतो; फ्रिज आणि पंखे पुढच्या महाग टप्प्यात जातात. घरात कोणी विचारलंच, तर विहिरीच्या पंपाकडे बोट दाखवा: नारळी-पोफळींना पाणी लागतं. ही सबब मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालते. पुढचं कारण आत्ताच शोधून ठेवा.