‘मीटर पळतंय’ म्हणण्याआधी

विजेचे बिल वाढून आले की घरोघरी पहिले वाक्य ठरलेले असते: ‘मीटर पळतंय.’ क्वचित ते खरेही निघते. पण हे वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या महिन्यात मीटरकडे एकदा तरी पाहिलेले असते. त्यांनी पाहिलेले असते ते बिल, आणि बिल म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आकडा वाचून, वजाबाकी करून, दर लावून आपल्या हाती दिलेला निष्कर्ष. माझे मत असे आहे की ज्या घरातले कोणीही स्वतःचे मीटर वाचत नाही, त्या घराला बिलावर फक्त चिडता येते, हरकत घेता येत नाही. हरकत घ्यायची तर आपल्याकडे आपला आकडा हवा, आणि तो मिळवण्यासाठी लागणारे गणित चौथीच्या पलीकडचे नाही.

मीटर मोजते ते युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. दोन हजार वॉटचा गीझर ते अर्ध्या तासात पुरे करतो आणि दहा वॉटच्या एलईडी दिव्याला त्यासाठी शंभर तास जळावे लागते. मीटर दर महिन्याला शून्यावर येत नाही. बसवल्या दिवसापासूनची बेरीज ते दाखवत राहते. त्यामुळे एकट्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. मागील रीडिंग ७४१८ आणि चालू रीडिंग ७५६१ असेल तर वापर १४३ युनिट, एवढेच कळते. त्या दोन आकड्यांमध्ये किती दिवस गेले हे पाहिल्याशिवाय हे १४३ जास्त की कमी हेही सांगता येत नाही. २८ दिवसांत ते झाले असतील तर रोजचा वापर ५.१ युनिट पडतो, ३३ दिवसांत झाले असतील तर ४.३. जिथे वाढत्या टप्प्यांचे दर लागू असतात, तिथे हा दिवसांचा फरक थेट पैशात दिसतो, कारण रीडिंग उशिरा घेतले गेले की शेवटचे काही युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसू शकतात. दिवस वाढले तेव्हा टप्पेही त्या प्रमाणात वाढवून धरले आहेत का, हा प्रश्न विचारणारे ग्राहक मला फार थोडे भेटले आहेत.

आता प्रत्यक्ष वाचण्याकडे येऊ. सर्वांत फसवे मीटर म्हणजे काट्यांच्या तबकड्या असलेले जुने मीटर. त्यात चार-पाच गोल तबकड्या ओळीने असतात आणि डावीकडची तबकडी सर्वांत मोठ्या स्थानाची असते. लगतच्या दोन तबकड्यांचे काटे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, कारण आत त्यांची दातेरी चाके एकमेकांत थेट अडकलेली असतात. म्हणून प्रत्येक तबकडीवर आकडे कोणत्या दिशेने चढतात ते आधी पाहावे. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर मागे पडलेला, म्हणजे लहान आकडा घ्यावा. तो ९ आणि ० यांच्या मध्ये असेल तर ९ घ्यावा, कारण तिथे ० म्हणजे दहा. खरी गंमत काटा नेमका एखाद्या आकड्यावर आल्यासारखा दिसतो तेव्हा होते. समजा, पहिला काटा १ आणि २ च्या मध्ये आहे, दुसरा ४ वर टेकल्यासारखा आहे, तिसरा ९ आणि ० च्या मध्ये, चौथा २ आणि ३ च्या मध्ये आणि पाचवा ६ च्या थोडा पुढे. घाईने वाचणारा १४९२६ लिहून मोकळा होतो. पण तिसरी तबकडी अजून शून्य ओलांडून गेलेली नाही, म्हणजे दुसऱ्या काट्याने ४ पूर्ण गाठलेले नाही. तिथे ३ वाचायचे. खरे रीडिंग १३९२६. डोळ्यांना केसभर वाटणाऱ्या या फरकाने बिलात हजार युनिट वाढतात. म्हणूनच मी अशा मीटरचे वाचन उजवीकडून सुरू करण्याच्या बाजूचा आहे: उजवीकडची तबकडी आधी वाचली की तिच्या डावीकडचा काटा आकड्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. लाल रंगाची किंवा ‘एक दशांश’ असे लिहिलेली तबकडी बिलासाठी सोडून द्यावी.

फिरत्या आकड्यांच्या पट्टीचे मीटर त्या मानाने सरळ असते. एखादा आकडा अर्धा वर सरकलेला दिसला तर जाणारा आकडा घ्यावा, येणारा नव्हे. शेवटचे लाल किंवा चौकटीतले चाक दशांशाचे असते. ते पूर्णांकात धरले की रीडिंग एकदम दहापट होते. पाच अंकी मीटर ९९९९९ नंतर पुन्हा ००००० पासून सुरू होते आणि मग वजाबाकी उलटी येते. तेव्हा चालू रीडिंगमध्ये एक लाख मिळवावे: मागील ९९८७२ आणि चालू ००१४५ असेल तर १००१४५ वजा ९९८७२, म्हणजे २७३ युनिट. याच मीटरांत ॲल्युमिनियमची चकती फिरताना दिसते. १८८५ मध्ये इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे जे तत्त्व दाखवून दिले, त्यावर ही चकती चालते. व्होल्टेजची एक आणि करंटची एक अशा दोन गुंडाळ्या मिळून तिला ढकलतात आणि एक कायमचा चुंबक तिला मागे ओढून धरतो. त्यामुळे तिचा वेग वापरल्या जाणाऱ्या वॉटच्या प्रमाणात राहतो. ही यंत्रणा इतकी साधी आणि इतकी टिकाऊ होती की शतकभर तिला फारसा पर्याय लागला नाही.

डिजिटल मीटर वाचायला सोपे, असा एक समज आहे. अंक स्वच्छ दिसतात, हे खरे. पण ते एक आकडा दाखवत नाही. ते दर काही सेकंदांनी पाने उलटत राहते. आधी सगळे अंक ८८८८८८ असे उजळतात, म्हणजे पडदा शाबूत असल्याची खूण. मग मीटरचा अनुक्रमांक, तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर, आणि या गर्दीत कुठेतरी आपल्याला हवे असलेले एकूण युनिट. ते ओळखायचे ते अंकांच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेल्या एककावरून. केडब्ल्यूएच म्हणजे युनिट. नुसते केडब्ल्यू असेल तर ती मागणी, म्हणजे त्या क्षणाचा किंवा महिन्यातला कमाल भार, आणि ती घरगुती जोडणीत एक आकडी किंवा फार तर दोन आकडी असते. केव्हीएएच, म्हणजे पॉवर फॅक्टर न धरता व्होल्टेज आणि करंट यांच्या नुसत्या गुणाकाराने केलेली मोजणी, हा या दोघांहून वेगळा आणि सर्वांत घोटाळ्याचा आकडा आहे, कारण तो दिसायला हुबेहूब युनिटसारखा असतो, तोही महिन्यागणिक वाढत जातो आणि केडब्ल्यूएचपेक्षा कधीच कमी नसतो. मीटर ४२१२.६ केडब्ल्यूएच आणि ४५१८.३ केव्हीएएच दाखवत असताना मागच्या महिन्यात पहिला आकडा आणि या महिन्यात दुसरा उतरवला गेला, तर न वापरलेले तीनशेहून अधिक युनिट बिलात शिरतात. मीटरमध्ये त्या वेळी रतीभरही दोष नसतो. अनेक मीटरांवर या पानांना क्रमांक दिलेले असतात: १.८.० म्हणजे आत आलेली एकूण वीज, २.८.० म्हणजे बाहेर पाठवलेली. छतावर सौर पॅनल असलेल्यांनी दोन्ही लिहावेत आणि दोघांची वजाबाकी स्वतंत्रपणे करावी.

मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा हा आणखी एका भीतीचा विषय. तो लुकलुकतो म्हणून बिल वाढते असे नाही. तो वापर मोजून दाखवतो, आणि माझ्या मते मीटरवरची सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. मीटरच्या दर्शनी भागावर ‘३२०० इम्पल्स प्रति केडब्ल्यूएच’ असे काहीतरी छापलेले असते. याचा अर्थ ३२०० वेळा लुकलुकले की एक युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागले की एका लुकलुकीमागे ११२५ ज्यूल येतात. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून ११२५ ला त्याने भागावे, की घर त्या क्षणी किती वॉट ओढत आहे ते कळते. दहा लुकलुकींना ४५ सेकंद लागले तर एकीला साडेचार, म्हणजे भार २५० वॉट. मीटरवर १६०० छापलेले असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्यावेत. रात्री सगळे दिवे-पंखे बंद करून हा हिशेब एकदा करून पाहावा. सेट-टॉप बॉक्स, राउटर, रिमोटने बंद केलेला टीव्ही, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र अशी मंडळी दिवसाचे चोवीस तास किती खातात ते तिथे दिसते. नुसते ४० वॉट अखंड चालू राहिले तरी तीस दिवसांत जवळजवळ २९ युनिट होतात.

मीटर खरोखर पळते का, हेही याच दिव्याने तपासता येते. घरातले सगळे बंद करून फक्त एक ठरावीक वॉटचे, आत तापणारी तार (कॉइल) असलेले उपकरण लावावे. इस्त्री किंवा गीझर चालेल, मात्र मोजणी सुरू असताना थर्मोस्टॅटने ते बंद पडता कामा नये. दोन हजार वॉटला ३२०० च्या मीटरवर दहा लुकलुकी साडेपाच-पावणेसहा सेकंदांत व्हायला हव्यात. येथे एक खाच आहे. उपकरणावर छापलेले वॉट ठरावीक व्होल्टेजचे असतात आणि अशा उपकरणांची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्के कमी असेल तर शक्ती एकोणीस टक्क्यांनी उतरते. तेव्हा मीटरच्या पडद्यावरचे व्होल्टेजही त्याच वेळी पाहून घ्यावे. घरगुती मीटर सहसा ‘क्लास १’चे असते, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत त्याची चूक एक टक्क्याच्या आत असावी लागते. आपल्या घड्याळाच्या मोजणीत तीन-चार टक्क्यांचा फरक आला तर तो आपल्या मोजणीचा समजावा. वीस टक्क्यांचा आला आणि पुन्हा मोजूनही तसाच राहिला, तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करायला तेवढा आधार पुरेसा आहे.

यापेक्षा सोपी आणि जास्त महत्त्वाची तपासणी मात्र क्वचितच कोणी करते. मेन स्विच बंद करावा आणि मीटरपाशी जाऊन उभे राहावे. लुकलुकणे थांबले पाहिजे. चकतीचे मीटर असेल तर तिची एक फेरीही पूर्ण होता कामा नये. तरीही ते सुरूच राहिले तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कोणाची तरी तार जोडलेली आहे, किंवा मीटरच नादुरुस्त आहे, किंवा आपण ज्याच्यापुढे उभे आहोत ते मीटर आपले नाहीच. या शेवटच्या शक्यतेला लोक हसतात. पण जिन्याखालच्या अंधाऱ्या फळीवर वीस मीटर एकसारखी बसवलेली असतात आणि त्यांवर खडूने लिहिलेले घर क्रमांक पुसून गेलेले असतात, तेव्हा दोन घरांच्या तारा अदलाबदल होऊन दोघांनी एकमेकांचे बिल भरत राहणे मुळीच अशक्य नाही. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक जुळवणे ही म्हणून पहिली पायरी, आणि मेन बंद केल्यावर तेच मीटर थांबते का हे पाहणे दुसरी. काही मीटरांवर ‘अर्थ’ किंवा ‘ई-एल’ असा वेगळा छोटा दिवाही असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला नाही की तो लागतो. तो सतत लागलेला दिसला तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा शेजाऱ्याचा आणि आपला न्यूट्रल कुठेतरी एकत्र झाला आहे. तेव्हा बिलाची चिंता मागे ठेवून आधी वायरमनला बोलवावे. हे सारे पाहताना मीटरचे सील, झाकण किंवा तार यांना हात लावण्याची गरज कुठेही पडत नाही.

मीटर बदलण्याच्या दिवशी मात्र घरातल्या कोणीतरी समोर असायलाच हवे. त्या महिन्याच्या बिलात दोन वजाबाक्या असतात: जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग वजा मागील बिलाचे रीडिंग, आणि नव्या मीटरचे चालू रीडिंग वजा त्याचे सुरुवातीचे रीडिंग. मागील बिलात १८३७१ होते, काढताना जुने मीटर १८४३२ वर होते, नवे २ वर बसवले आणि महिनाअखेरीस ८९ दाखवू लागले, तर वापर ६१ अधिक ८७, असा १४८ युनिटचा. नव्या मीटरची सुरुवात शून्याऐवजी दोन-तीन युनिटवर असणे हे चाचणीमुळे घडते आणि त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. जुन्या मीटरचा अखेरचा आकडा आणि अनुक्रमांक एकाच फोटोत येतील असे पाहावे. बदलाच्या कागदावर दोन्ही रीडिंग लिहिलेली असल्याशिवाय त्यावर सही करू नये, आणि सहीनंतर त्या कागदाचाही फोटो घ्यावा.