दोन फुटांची सांदी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

रागावलेल्या, रडणाऱ्या मुलाला शांत व्हायला घरात एक छोटा कोपरा असावा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं. पलंगाखालीसुद्धा बोचकी आहेत. मुलांसाठी शांत कोपरा ही फ्लॅटवाल्यांची हौस. शिवाय रडणाऱ्या नातीला मऊ गादीवर नेऊन बसवायचं म्हणजे हट्टाला बक्षीसच!" दोन दिवस हे डोक्यात घोळत होतं.

पहिलं म्हणणं मान्य. लेखासोबत मी कापडी तंबू, दिव्यांची माळ आणि नव्या उशांचा फोटो टाकला, ते चुकलं. फोटो काढून टाकलाय. खरं तर माझा मुलगा त्या तंबूत जेमतेम आठवडाभर रमला. आता राग आला की तो कपाट आणि भिंतीमधल्या सांदीत शिरतो आणि आजीच्या लुगड्याची गोधडी डोक्यावरून ओढून घेतो. सांदी दोन फुटांचीही नाही. पण ती त्याने स्वतः शोधली आहे, तिथे त्याला कुणी हाक मारत नाही. पैशांचा प्रश्न आपल्याकडे फार आधी सोडवला गेलाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालवाडीचं काम केलं, ते महागड्या साधनांवाचून, शिंपले, बिया, खडे असं आसपास मिळेल ते वापरून. मुलं येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्याच वस्तीतल्या अंगणात वर्ग भरवला. अंगणवाडी हा शब्द तिथला.

बक्षिसाचं मात्र मला पटत नाही. चॉकलेट नाही म्हटलं की नाही. गोधडीतून बाहेर आल्यावरही नाहीच. मिळतो तो फक्त वेळ. स्वतःला आवर घालायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. चार वर्षांचं पोर भोकाड पसरून रडत असताना त्याला समजावून काय उपयोग? अशा वेळी मी जवळ जमिनीवर बसते आणि गरम वरणभातावर घालतो तशी हळू, लांब फुंकर घालते. थोड्या वेळाने तोही घालू लागतो. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. दमून आलेल्या आईला हा अर्धा तास किती जड जातो, ते मला माहीत आहे.

एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. एकदा वैतागून मी ओरडले, "जा तुझ्या कोपऱ्यात!" त्यानंतर कितीतरी दिवस तो तिकडे फिरकला नाही. त्याच्यासाठी ती शिक्षेची जागा झाली होती. शेवटी मीच जाऊन तिथे बसायला लागले, तेव्हा कुठे तो परत आला.

पलंगाखालचं एखादं बोचकं वर माळ्यावर जाईल का, बघा. तेवढ्या जागेत तुमची नात मावेल. पांघरूण मात्र तिलाच निवडू द्या, जुनं, विटलेलं असलं तरी.