न्यायालय हवे, तक्रार नको

डॉक्टरांना ग्राहक कायद्यातून वगळले पाहिजे, असे माझ्या आतेभावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिले आणि अर्ध्या घराण्याने त्याखाली दुजोरा दिला, तेव्हापासून मी त्याला मनातल्या मनात उत्तरे देत आहे. दादा कोल्हापूरच्या राजारामपुरीत फिजिशियन आहे आणि चांगला डॉक्टर आहे, म्हणूनच त्याचे म्हणणे मला अधिक लागले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. मग डॉक्टरांना या कायद्यात आणणाऱ्या १९९५ च्या निकालाने त्यांनाच तेथे का उभे करून ठेवायचे, असा त्याचा प्रश्न आहे. पेशंटला वकील भडकवतात, असेही त्याने लिहिले, आणि ‘तुमच्या इंग्लंडात असले चालत नसेल’ हे शेवटचे वाक्य केवळ माझ्यासाठी जोडले.

चालते, आणि उघडपणे चालते. मी येथे यॉर्कशायरमध्ये रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्याची अदलाबदल झाली तर त्याच दिवशी डेटिक्स, म्हणजे चुकांची नोंद करणारा संगणकी अर्ज, भरला जातो आणि कोणी कोणावर आवाज चढवत नाही. उपचारात गंभीर इजा झाली तर ते रुग्णाला सांगणे इंग्लंडमध्ये २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. दावा करायचा झाल्यास सॉलिसिटर, म्हणजे येथील वकील, आधी सविस्तर पत्र पाठवतो, रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टला उत्तरासाठी चार महिने मिळतात, आणि बरेचसे दावे न्यायालयात उभे न राहताच मिटतात. माझ्या एका सहकारी बाईंच्या आईचा दावा चालू असताना त्या बाई त्याच व्यवस्थेत रोज कामाला येत होत्या आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. येथील सॉलिसिटर ‘जिंकलो तरच फी’ या करारावर काम करतात आणि भरपाईतून पंचवीस टक्क्यांपर्यंत वाटा घेऊ शकतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवताच येत नाही. भरपाईत ज्यांना वाटाच नाही, त्यांनी लोकांना भडकवल्याचा आरोप दादाने पुराव्याशिवाय करू नये.

हा वाद माझ्यासाठी पुस्तकी नाही. आईची पित्ताशयाची दुर्बिणीने शस्त्रक्रिया कोल्हापुरातल्याच एका खासगी रुग्णालयात झाली. तिसऱ्या दिवशी ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, तरी ‘होईल कमी’ असे म्हणत तिला तेथेच ठेवले गेले, आणि अखेर भावाने हट्ट धरून पुण्याला हलवल्यावर पित्तनलिकेला इजा झाल्याचे कळले. घरात दोनच सूर उठले. एक चुलतभाऊ माणसे गोळा करून रुग्णालयात जायला निघाला होता. बाकीच्यांनी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे सांगून हात जोडले. तोडफोड आणि शरणागती यांच्यामध्ये कागदाचा एक रस्ता असतो, हे मला दूरध्वनीवरून पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

शाहूपुरीतल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत भावाला जे सांगितले, ते दादाने ऐकायला हवे होते. पित्तनलिकेला इजा होणे ही या शस्त्रक्रियेतली ज्ञात गुंतागुंत आहे, ती झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच असे नव्हे. आपला प्रश्न इतकाच की ती कधी लक्षात आली, कधी सांगितली आणि पुढे पाठवायला उशीर का झाला. पोलिसांत जाऊ नका, असेही त्यांनी बजावले, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरांवरच्या फौजदारी गुन्ह्यासाठी फार मोठा, ढळढळीत निष्काळजीपणा दाखवावा लागतो. त्यानंतर त्यांनी कामाला लावले: सगळी कागदपत्रे लेखी अर्जाने मागवा, डॉक्टरांच्या आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती बहात्तर तासांत मिळायला हवीत, प्रत्येक पानाला क्रमांक द्या, दिवस, वेळ, कोण हजर होते आणि कोण काय म्हणाले याचा तक्ता करा. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवा, असेही त्या प्रत्येक भेटीत सांगत. भडकवणारा माणूस असे बोलत नाही.

अडले ते तज्ज्ञाच्या मताशी. प्रत्येक ग्राहक तक्रारीत असे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे; तरी आमच्या प्रकरणात ते हवे, असे वकीलबाईंचे ठाम मत होते. कोल्हापूर आणि सांगलीतले शल्यचिकित्सक कागद पाहून तोंडी हळहळले, पण लिहून द्यायला कोणी तयार झाले नाही. ज्या व्यवसायाला आपल्याच सहकाऱ्याबद्दल दोन प्रामाणिक पाने लिहिता येत नाहीत, त्याने कायद्यातून सूट मागावी, हे मला पटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सी. पी. आर. रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा दादानेही अभिनंदनाचा स्टेटस ठेवला होता. चार दशके ज्या शहराने न्यायालय दारात यावे म्हणून मोर्चे काढले, संप केले, त्याच शहरात एका आजारी बाईने जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करणे घराण्याला कमीपणाचे का वाटावे?

मात्र वकीलबाईंचा तो तक्ता मी वाचला, तेव्हा त्यात माझे नाव कुठेही नव्हते. तुम्ही रुग्णाजवळ होता का, असे त्यांनी विचारले होते, आणि मी नव्हते. व्हिडिओ कॉलवर आईचे पिवळे डोळे पाहिल्याची माझी साक्ष त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवली. तक्रारदार म्हणून आई आणि भाऊच राहिले. मला ते बोचले, अजूनही बोचते. कोल्हापूर माझे आहे असे मी येथे सर्वांना सांगते, पण महाद्वार रोडवर त्या डॉक्टरांची पत्नी समोर आली तर आईला बोलावे लागते, रात्री-अपरात्री बाबांचे बीपी वाढले तर दादालाच बोलवावे लागते, आणि माझ्या ठाम मतांची किंमत आई, बाबा आणि भाऊ तेथे राहून मोजतात. त्यामुळे तक्रारीवर सही करायची की नाही, हा निर्णय मी आईवर सोडला.

तिने सही केली. पैशांचे तिला फारसे नव्हते. तिसऱ्या दिवशी काय झाले ते कोणीतरी लिहून द्यावे, एवढेच तिचे म्हणणे होते. आयोगाची नोटीस रुग्णालयाला पोहोचली आहे. लेखी उत्तराला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा, त्याहून अधिक मुदत आयोगाला देता येत नाही. त्या उत्तरात तिसरा दिवस त्यांना लिहावाच लागेल.