केरळात जाऊन वरणभात

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. सकाळी कदाचित डिलीट करीन, पण आत्ता नाही लिहिलं तर झोप यायची नाही.

आमच्या भिशीचं आज संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. भिशी म्हणजे आम्ही इंदूरच्या मराठी बायका, पन्नाशी-साठीच्या, मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला, गुडघे कुरकुरतात पण तोंडं मस्त चालतात. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, दोघीतिघींनी तेच जुने उखाणे घेतले, आणि नाश्त्याच्या प्लेटा आल्या. प्लेटमध्ये काय? भुट्ट्याचा किस. जानेवारीत! फ्रोजन पाकिटातले स्वीटकॉर्नचे दाणे मिक्सरमधून फिरवलेले, गोडमिट्ट, पाणचट, आणि ते झाकायला वरून मूठभर शेव. आणि सगळ्यांचं सुरू, अय्या किती छान, आता काय बाई बारा महिने मिळतं सगळं. मी खिडकीपाशी बसले होते, खाली कोपऱ्यावर ठेलेवाला गराडू, आपला थंडीतला कंद, तळत होता, वास थेट वर येत होता, आणि आमच्या हातात श्रावणातली चीज, ती पण नकली.

गिळलं. यजमानीण बिचारी गुणी आहे, मनापासून केलं होतं, तिला काही बोलले नाही. (ती हे वाचेलच. अगं, चहा फार छान होता.)

मग निघाला फेब्रुवारीतल्या केरळ टूरचा विषय. एकीने मोबाईलवर पत्रक दाखवलं. मुन्नार, अलेप्पी, हाऊसबोट, सगळं ठीक, आणि खाली मोठ्या लाल अक्षरात, रोज घरच्यासारखं महाराष्ट्रीयन जेवण, सोबत आपले महाराज, म्हणजे स्वयंपाकी. तर टाळ्या! खरंच वाजवल्या हो. मुन्नारच्या चहाच्या मळ्यांना नाही, हाऊसबोटीला नाही, टाळ्या कशाला तर वरणभाताला. मी म्हटलं मग एवढं लांब कशाला जायचं, पाणी तर आपल्या सिरपूर तलावात पण आहे, डबे घेऊन तिथेच बसू दिवसभर. कोणी हसलं नाही. एक म्हणाली, तुझं काहीतरी वेगळंच असतं.

असतं. कारण मी अशा टूरला जाऊन आलेली आहे. सासूबाईंना बर्फ बघायचा होता म्हणून हिमाचलला गेलो होतो आम्ही दोघी, असाच ग्रुप, असेच महाराज. मनालीला संध्याकाळी जेवायला पुरणपोळी होती. बाहेर कडाक्याची थंडी, समोर देवदार, आणि आत हॉटेलच्या तळघरात ट्यूबलाईटखाली पन्नास लोक पुरणपोळीवर तुपाची धार धरून म्हणतायत, वा, अगदी घरी असल्यासारखं वाटतं. मला तर रडूच यायला लागलं. घरी असल्यासारखंच वाटायचं होतं तर घर काय वाईट होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपला साबुदाण्याची खिचडी होती. आम्ही दोघी सटकलो. सासूबाई काठी टेकत, दोन स्वेटर वर शाल, आणि मी. मॉल रोडच्या मागे एका गल्लीत एक बाई ठेला लावून सिड्डू वाफवत होती. सिड्डू म्हणजे कणीक आंबवून त्यात अक्रोड-खसखशीचं सारण भरतात, करंजीसारखी मोड घालून वाफवतात आणि गरम गरम मध्ये फोडून वर तूप ओततात. थंडीचं खाणं. तिथल्या डोंगरात अक्रोड पिकतो, थंडीत अंगाला तूप लागतं, वाफवायला आच थोडी पुरते, म्हणून ते तिथे आहे. सासूबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा, मग त्या बाईला चक्क मराठीतच म्हणाल्या, अगं हे तर नागपंचमीचं दिंड, फक्त तू गोड नाही केलंस. त्या बाईला काय कळलं देव जाणे, पण तिने आणखी तूप ओतलं.

हे मी भिशीत सांगितलं. तर उत्तर काय, हो पण सगळ्यांना नाही ना झेपत. बरं, नाही झेपत. शुगर आहे, बीपी आहे, पोट बिघडतं, गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात. मान्य. पुढे?

पुढे हे की केरळात पोट बिघडायला आहे काय? पुट्टू म्हणजे तांदळाचं पीठ आणि ओलं खोबरं, नळकांड्यात वाफवलेलं. अप्पम तांदळाचा. अवियल म्हणजे सतरा भाज्या आणि खोबरं-दही. यातलं कोणतं तुमच्या त्या तेलाच्या तवंगातल्या बटाट्याच्या भाजीपेक्षा जड आहे? तर म्हणे तिकडे सगळं खोबरेल तेलात असतं, वास येतो. अगं नारळाच्या राज्यात खोबरेलचा वास नाही येणार तर काय सरसोंचा येईल? इथे उठल्याबसल्या सोयाबीनच्या तेलातल्या कचोऱ्या खातो आपण, तेव्हा नाकं कुठे जातात?

आणि गंमत सांगू, आमच्या बिल्डिंगमध्ये एक मल्याळी ताई राहतात, रिटायर्ड नर्स. त्यांच्याकडे धनु महिन्यात तिरुवातिरा असते, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या थोडी आधी, बायकांचाच सण. त्या दिवशी भात खात नाहीत, कंदांचं पुळुक्कु करतात, सुरण, अळकुड्या, आणि त्यात काचिल म्हणून एक कंद असतो. ताईंनी मला वाटी आणून दिली, मी एक फोड तोंडात टाकली आणि ओरडलेच, हा तर आपल्या गराडूचा सख्खा भाऊ! तिकडे त्या बायका खोबरं-मिरची वाटून उकडून खातात, इकडे आपण दोनदा तळून वर लिंबू पिळून जीरावन मसाला भुरभुरतो. एकाच थंडीत, एकाच तऱ्हेचा कंद, दोन टोकांना बायकांचा घोळका बसून खातोय. आणि आम्ही? आम्ही मध्येच फ्रोजन मका खात बसलोय.

साबुदाण्याचं तर विचारूच नका. ज्याच्यावर आपली एकादशी आणि सराफ्यातली, म्हणजे सोनारांच्या बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली, अर्धी रात्र चालते तो साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो टॅपिओका, तिकडे कप्पा म्हणून रोजचं जेवण आहे. उकडायचा आणि छोट्या तिखट मिरच्यांच्या चटणीबरोबर खायचा. पण नाही, आम्ही त्याच केरळात महाराजांच्या हातची खिचडी खाऊ आणि मुन्नारमध्ये उपास सुटला म्हणून फोटो टाकू.

परत मनालीवर येते. एक गोष्ट मी भिशीत सांगितली नाही कारण तोवर सगळ्यांनी पर्स उचलल्या होत्या. आम्ही सिड्डू खात होतो ना, तेव्हा बाजूच्या बाकावर मफलर गुंडाळून एक माणूस पाठमोरा बसला होता, दोन सिड्डू आणि चहा. वळला तर कोण? आमचेच महाराज! ग्रुपची खिचडी झाकून ठेवून हे इकडे. सासूबाई हसून हसून वाकल्या. तर तो ओशाळून म्हणतो कसा, काकू, रोज तेच तेच करून मलाच कंटाळा येतो हो, मी तर प्रत्येक गावात सकाळी हेच शोधतो, फक्त ऑफिसला सांगू नका. आम्ही कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, आणि तो कुठल्या कंपनीचा ते लिहिणार नाहीये.

विचार करा. ज्याच्या हातचं खायला टाळ्या वाजतायत तो स्वतः सिड्डू खातोय.

आता थोडी शांत होऊन लिहिते, कारण परतताना रिक्षात एक मैत्रीण बरोबर होती, ती गप्प गप्प होती, मग म्हणाली, तुला कळत नाहीये. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून मी गरम पोळी खाल्लेली नाही, सगळ्यांना वाढून शेवटची गार खाते. त्या टूरमध्ये कोणीतरी ताटाजवळ येऊन विचारतं, ताई अजून एक गरम पोळी वाढू? मला वरणभात नकोय गं, मला ते विचारणं हवंय.

याच्यावर मी काय बोलणार. गप्प बसले. खरंय ते, शंभर टक्के खरंय, आणि ज्या घरातले पुरुष हे वाचत असतील त्यांनी पोस्टला लाईक करण्याऐवजी उठून तवा ठेवावा.

पण मग तरीही, तरीही मी म्हणीन, विचारणारा तिथला असू दे ना! केरळात सद्या, म्हणजे मेजवानीचं जेवण, वाढतात तेव्हा केळीच्या पानावर एकेक पदार्थ घेऊन माणसं येतच असतात, भात परत, सांबार परत, पायसम परत, तुम्ही पान मिटेपर्यंत ते वाढतात. तो आग्रह काय कमी आहे? का आग्रह पण आपल्याच जिल्ह्यातला लागतो?

आणि आपण कोण बोलणार सांगा. होळकरांबरोबर आपले पणजे-खापरपणजे माळव्यात आले, १८१८ ला राजधानी इंदूरला आली, आणखी लोक आले. तेव्हा काय त्यांनी बैलगाडीत महाराज घालून आणले होते? आले आणि इथलं खायला लागले. बाफले खाल्ले, कणकेचे गोळे आधी उकडून मग भाजायचे आणि तुपात बुडवायचे, हे काय कोकणात होतं का देशावर? आपल्या घरातले पोहे बघा. पुण्याची नणंद येते तेव्हा म्हणते, हे असे काय वाफेवर ठेवलेले, वर बडीशेप काय, जीरावन काय, शेव काय, जिलबीबरोबर काय. तर काय झालं? ते पोहे इथे राहिले, इथल्या पाण्यात मुरले, आणि आज अख्खं इंदूर सकाळी तेच खातं. खाल्लं म्हणून झालं ना हे सगळं.

उलटंही बघते मी. उज्जैन-ओंकारेश्वरच्या यात्रेच्या बसेस महाराष्ट्रातून येतात, इंदूरला मुक्काम करतात, हॉटेलात आठ वाजता पिठलं-भाकरी खाऊन नऊला झोपतात. सराफ्यात तेव्हा सोनारांची शटरं जेमतेम खाली येतायत, खाण्याची दुकानं मांडायला सुरुवात होतेय! भिया, उठवा रे कोणीतरी त्यांना.

घरातल्या स्वयंपाकाचं पण हेच आहे म्हणून एवढं बोलतेय. परवा भोगी झाली. न खाई भोगी तो सदा रोगी, हे सगळ्यांनी स्टेटसला टाकलं, भाजी किती घरांत झाली? आमच्याकडे सासूबाई अजून स्वतः सोलाणे सोलतात, वालपापडी, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, तिळाचं कूट, आणि बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतात. ही भाजी जूनमध्ये करून दाखवा. होणारच नाही, झाली तरी ती नसेल. आणि किस खायचा तर पावसात देशी भुट्टा येऊ दे, किसणीवर किसा, हाताला दुधाळ चीक लागला पाहिजे, तुपात हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी, मंद आचेवर हात दुखेपर्यंत परता आणि मग दूध घाला. देशी भुट्ट्यात स्टार्च असतो, तो दूध धरतो. स्वीटकॉर्नमध्ये नुसती साखर, ते काय धरणार कपाळ. तोवर सहा महिने वाट बघा की. वाट बघायला काय पैसे पडतात?

हो, नोकरी करणाऱ्या मुलींना फ्रोजन मटार लागतात, मला माहितेय, माझ्या सुनेच्या फ्रीजमध्ये पण आहेत, मी काही पोलीस नाहीये. पण डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा बाहेर ताज्या शेंगांचे ढीग लागलेत, तेव्हासुद्धा पाकीटच? त्याचं काय कारण?

तेवढ्यात हे लिहिताना ग्रुपवर पोल आलाय. केरळ टूर, महाराजांसह, हो की नाही. धडाधड हो पडतायत, कोणी अंगठा, कोणी टाळ्या, कोणी ताटाचं चित्र. मी नाही दाबलं. सासूबाईंना मघाशीच ग्रुपमध्ये ॲड केलंय, ॲडमिन मीच आहे, त्यांनी पण चष्मा लावून नाही दाबलं, आणि खाली व्हॉइस मेसेज टाकलाय की मला तो कप्पा का काय तो खायचाय, माझं वय ऐंशी आहे, पुढच्या वर्षीचं मला सांगू नका.

अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. दोन ब्लू टिक मात्र आल्यात.