एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही

‘एमसीबी बसवला की घर सुरक्षित. अर्थिंग, आरसीसीबी, परवानाधारक वायरमन हे नियम नुसता खर्च वाढवायला काढलेत. आमच्याकडे वीस वर्षांत कुणाला काही झालं नाही. मेन बंद करा आणि वायरिंग स्वतःच करा.’ अशा आशयाचा मजकूर हातोहात फिरतो आहे. (एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच; आरसीसीबी म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा.) यातलं एकेक वाक्य तपासायलाच हवं, कारण वाचणारे लोक विश्वासाने भिंतीत हात घालतात.

सगळ्यात घातक वाक्य पहिलंच आहे. एमसीबी दोनच गोष्टी ओळखतो: जास्तीचा भार आणि शॉर्ट सर्किट. 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअरवर तासभर न पडता राहू शकतो. तो बनवलेलाच तसा असतो. आता 230 व्होल्टचा पुरवठा धरा आणि उघड्या फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, ओला हात लागला असं समजा. शरीराचा रोध साधारण 1000 ते 1500 ओहम धरला, तर अंगातून 0.15 ते 0.23 अँपिअर वाहतील. एमसीबीच्या लेखी तो माणूस म्हणजे पस्तीस ते पन्नास वॉटचा एक दिवा. तो पडणार कशासाठी?

माणसाला मात्र यापेक्षा कितीतरी कमी प्रवाह पुरतो. बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर मोजमापं केली होती. हातात धरलेली तार किती प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडता येते, हा त्यांचा प्रश्न होता. पुरुषांची सरासरी सुमारे 16 मिलिअँपिअर (0.016 अँपिअर) निघाली, स्त्रियांची सुमारे 10.5. त्यापुढे स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. 1961 मध्ये याच डाल्झील यांनी गळती ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण तयार केलं. आरसीसीबी त्याच तत्त्वावर चालतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, तेवढाच परत येतो का, हे तो सतत पाहतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की 0.3 सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो; तफावत पाचपट असेल तर 0.04 सेकंदात. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर गेलेला प्रवाह पुरता परत येतो आणि आरसीसीबीलाही काही कळत नाही. रबरी चपलाही तिथे उपयोगाच्या नाहीत.

अर्थिंगचं काय? वॉशिंग मशीनच्या आत फेजची वायर घासून पत्र्याला टेकली, तर पत्रा जमिनीशी जोडणारी अर्थची वायर त्या प्रवाहाला मोकळी वाट देते आणि पुरवठा तुटतो, बहुधा कुणी हात लावण्याआधीच. ती वायर नसेल तर पत्रा 230 व्होल्टवर तसाच राहतो आणि मशीन नेहमीसारखं चालत राहतं. नुसता जमिनीत गाडलेला रॉडही पुरत नाही. त्याचा रोध 10 ओहम असेल तर जास्तीत जास्त 23 अँपिअर वाहतील, आणि तेवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी बराच वेळ पडणार नाही. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. पैसे वाचवायला सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडणारे भेटतात. हे कृपा करून करू नका, कुणाला करूही देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर चालू असलेल्या उपकरणातून फेज उलटा येऊन त्याच पिनवाटे पत्र्यावर पोचतो. म्हणजे काहीही बिघडलेलं नसलेलं मशीन शॉक देतं.

आणि म्हणूनच ‘वीस वर्षांत काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही. अर्थची वायर चांगल्या दिवशी काहीच काम करत नाही. ती तुटलेली असली तरी दिवे लागतात, पंखे फिरतात. वीस वर्षांत वायरीचं आवरण मात्र कडक होत गेलेलं असतं.

नियम खर्चासाठी काढले, हा आरोप इतिहासाला धरून नाही. विजेचे दिवे घरात नुकते येऊ लागले होते, तेव्हाच 1882 मध्ये लंडनच्या तार आणि वीज अभियंत्यांच्या संस्थेने पहिली नियमावली काढली. विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळणं हे तिच्या शीर्षकातच लिहिलेलं होतं. ते कारण आजही तसंच आहे. पिळून टेप लावलेल्या सैल जॉइंटचा रोध अर्धा ओहम असला आणि त्यातून 10 अँपिअर गेले, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत 50 वॉट उष्णता तयार होते. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी गप्प असतो. म्हणून जॉइंट गिलाव्यात पुरायचा नाही, उघडता येईल अशा बॉक्समध्येच घ्यायचा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून 16 चा काढून 32 चा लावणं तर आगीला बोलावणंच आहे: प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते.

राहिलं ‘मेन बंद करा, स्वतः करा’. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केल्यावरही काही वायरी जिवंत असतात. स्विच न्यूट्रलवर बसवला असेल तर तो बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो. टेस्टर पेटला नाही याचा अर्थ कधी कधी टेस्टरच बिघडला असा असतो. शिवाय काम संपल्यावर वायरीच्या आवरणाचा रोध आणि अर्थिंगचा रोध मोजावे लागतात, आणि ते टेस्टरने मोजता येत नाहीत. प्रशिक्षित वायरमन लागतो तो यासाठी.

घरच्या घरी स्वतः करावं असं एक काम मात्र आहे. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहा. पुरवठा चालू असताना बटण दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.